18 खरं की 29?

प्रश्न: माझं वय 34, तब्येत ठणठणीत आहे. अमेरिकेतली नणंद म्हणते बायकांना रोज 18 मिलिग्रॅम लोह पुरतं, इथल्या चार्टवर मात्र 29 लिहिलंय. आणि मी कॅल्शियमची गोळी घेते तिच्यावर 1250 आहे, म्हणजे जास्त होतंय का? – एक वाचक, सातारा

उत्तर: नणंदबाई बरोबर आणि तुमचा चार्टही बरोबर, भांडू नका! तिकडच्या हिशोबात मांसाहार धरलेला असतो, त्यातलं लोह शरीर पटकन घेतं. आपलं जेवण म्हणजे पोळी-भात-डाळ, यातलं लोह पोटात जातं पण अंगी फार थोडं लागतं, म्हणून आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 साली बायकांसाठी 29 आणि पुरुषांसाठी 19 मिलिग्रॅम सांगितलं. गरोदरपणाचे आकडे वेगळे.

आता हा 29 चा आकडा बघून लगेच लोहाच्या टॉनिकची बाटली आणू नका. आधी जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहा लोह शोषू देत नाही, आणि आमटीवर लिंबू पिळा किंवा जेवणासोबत पेरूची फोड खा, तेवढ्याने बराच फरक पडतो. गुळाचं मात्र जरा जास्तच कौतुक होतं आपल्याकडे, चमचाभर गुळातून मिळून मिळून किती मिळणार.

गोळीवरचा 1250 हा कॅल्शियम कार्बोनेटचा आकडा आहे, त्यात खरं कॅल्शियम असतं 500 मिलिग्रॅम. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, तिथे बहुतेक दिलेलं असतं. ही गोळी जेवणासोबत घ्यायची, आणि लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एका वेळी नकोत.

कॅल्शियम दिवसाला लागतं 1000 मिलिग्रॅम. जुन्या चार्टवर 600 दिसेल, तो 2010 चा आकडा, सोडून द्या. पाळी गेल्यावर 1200. दोनशे मिली दुधाचा ग्लास म्हणजे साधारण 240, नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, वर वाटीभर दही, थोडे तीळ. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम पालकातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे अडकून बसतं. दूध-दही-नाचणी रोज पोटात जात असेल तर या गोळीची गरज आहे का हे डॉक्टरांना एकदा विचारा. लोहाची गोळी सुरू करायचीच असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या, शेजारणीने सांगितलं म्हणून नको.