पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या गल्लीचं काम कसं सुचवायचं?
पुण्यात नागरिकांकडून कामं मागवायची पद्धत 2006 पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. मुदत बहुधा पावसाळ्यातच संपते, म्हणून जुलैपासून चौकशी ठेवा. एका कामाला मर्यादा 5 लाखांची. सोसायटीच्या आवारातलं काम बाद होतं, जागा सार्वजनिकच हवी.

नुसतं ‘पदपथ दुरुस्त करा’ लिहू नका. ‘शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत, डावी बाजू, 40 मीटर, 12 फरश्या उखडलेल्या’ असं लिहा आणि फोटो जोडा. मग कनिष्ठ अभियंत्याला जागा शोधत बसावं लागत नाही, खर्चाचा अंदाज लगेच काढता येतो. पोचपावती घ्याच.

काम मंजूर झालं तरी निविदा रखडली की 31 मार्चला तरतूद वाया जाते. एप्रिलपासूनच पाठपुरावा करा.