सहा आठवड्यांचं बाळ, संध्याकाळचं रडणं आणि ओव्याचं पाणी

"मॅडम, सात वाजले की याचं रडणं सुरू होतं ते दहापर्यंत. पाय पोटाशी घेतो, लालबुंद होतो, पोट टणक लागतं. गॅसच ना हे? सासूबाई ओव्याचं पाणी देतात, मी ग्राइप वॉटर देते. आता बडीशेपही उकळून देऊ का?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवी आई विचारते, शब्द थोडे इकडेतिकडे. या आईचं बाळ सहा आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं, फक्त अंगावर पिणारं. जन्माचं वजन 2.9 किलो, आता 4 किलो. दिवसभरात सात-आठ लंगोट ओले. ताप नाही, उलट्या नाहीत. शी मात्र पाणचट, फेसाळ, हिरवट. ही शेवटची गोष्ट आईने सहज बोलता बोलता सांगितली, पण पुढचा निम्मा उलगडा तिच्यातच होता.

आधी रडण्याबद्दल. बाळांचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त होतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. संध्याकाळी जोर जास्त. म्हणजे हे बाळ नेमकं शिखरावर होतं. रडताना बाळ हवा गिळतं, पोटाचे स्नायू आवळतं, त्यामुळे पोट टणक लागतं आणि नंतर गॅस सुटतो. आपण समजतो गॅस झाला म्हणून रडलं. बऱ्याचदा रडलं म्हणून गॅस झालेला असतो. दहा वाजता रडणं तसंही थांबणार असतं, पण साडेनऊला दिलेल्या चमच्याला श्रेय मिळतं.

आता त्या चमच्यांचा हिशेब. ओव्याचं पाणी दोन-दोन चमचे दोन वेळा, ग्राइप वॉटर एकेक चमचा तीन वेळा. पाच मिलिचा चमचा धरला तर रोज 35 मिलि. या वयात एका वेळचं दूध साधारण 70-75 मिलि असतं. म्हणजे रोज अर्ध्या वेळच्या दुधाची जागा पाण्याने घेतली. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही. लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. पाण्याचं प्रमाण फार वाढलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटकेसुद्धा येऊ शकतात.

ओव्यात थायमॉल असतं, जहाल द्रव्य. घरी किती दाणे, किती पाणी, किती वेळ उकळलं यावर त्याची ताकद रोज बदलते, त्यामुळे "थोडंसंच देतो" याला अर्थ राहत नाही. ओव्याची धुरी तर मुळीच नको. धूर बाळाच्या श्वासनलिकेला त्रासच देतो.

ग्राइप वॉटर 1851 साली इंग्लंडमध्ये विल्यम वूडवर्ड यांनी बनवलं. मूळ मिश्रणात शेपूचं तेल, सोडियम बायकार्बोनेट, साखर आणि चक्क मद्यार्क होता. आताच्या बाटल्यांमध्ये सहसा मद्यार्क नसतो, गोडवा असतो. गोड चवीने लहान बाळ काही मिनिटं शांत होतं. "दिलं की लगेच फरक पडतो" यामागे बरेचदा एवढंच असतं.

बडीशेपेच्या बाजूने थोडा पुरावा आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या तेलाच्या 0.1 टक्का मिश्रणाने बाळांचं रडणं कमी झाल्याचं दिसलं. पण ते मोजून बनवलेलं मिश्रण होतं, घरचा काढा नव्हे. बडीशेपेत एस्ट्रागोल नावाचं द्रव्य असतं आणि युरोपीय औषध संस्था चार वर्षांखालील मुलांना बडीशेपेची औषधं देण्याची शिफारस करत नाही. म्हणून उत्तर: नको. चक्रफुलाचा काढा तर त्याहून धोक्याचा. त्याच्यासारखंच दिसणारं जपानी चक्रफूल विषारी असतं, भेसळ डोळ्यांना ओळखू येत नाही. बाळांना झटके आल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये चक्रफुलाच्या चहाबद्दल इशारा दिला होता.

हिंग पोटात द्यायचा नाही. पाच आठवड्यांच्या एका बाळाला हिंगाचं औषध पाजल्यावर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटल्याची नोंद 1984 साली वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. बेंबीभोवती बाहेरून पातळ लेप लावल्याने गॅस सुटतो असं सिद्ध नाही. आराम मिळतो तो बहुधा कोमट, हलक्या हाताच्या स्पर्शाने. लावायचाच तर नाळ पडून बेंबी पूर्ण सुकल्यावर, आणि त्वचा लाल झाली की लगेच पुसून टाकायचा. मध वर्षाच्या आत बोटाला लावूनही नको, त्यात असू शकणाऱ्या, बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंमुळे.

मग करायचं काय? आईला तिथेच पाजायला सांगितलं. बाळ फक्त स्तनाग्र धरत होतं, खालचा ओठ आत दुमडलेला, प्रत्येक दोन-तीन घोटांनंतर 'टक्' असा आवाज. तो आवाज म्हणजे पकड सुटून हवा आत जातेय. शिवाय "दोन्हीकडचं मिळावं" म्हणून ती दर पाच मिनिटांनी बाजू बदलत होती. दूध भरपूर असलेल्या आईने असं केलं की बाळाला दोन्हीकडचं सुरुवातीचं, साखर जास्त आणि स्निग्धांश कमी असलेलं दूध मिळतं. ते आतड्यातून भरभर पुढे जातं, सगळी साखर पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते. फेसाळ हिरवी शी आणि गॅस इथून आला होता.

पकड अशी सुधारली: बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. तोंड जांभईइतकं उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला स्तनाकडे आणायचं. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाचा खालचा हिस्सा जास्त आत. दुखलं तर ओढून काढायचं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. एक बाजू बाळ स्वतःहून सोडेपर्यंत चालू द्यायची, नंतर दुसरी पुढे करायची. घेतली तर घेतली. बाटलीने पिणाऱ्या बाळाची बाटली जवळजवळ आडवी धरून निपल दुधाने भरलेलं ठेवायचं, आणि हलवल्यावर आलेला फेस बसू द्यायचा. ढेकर खांद्यावर किंवा मांडीवर बसवून, हनुवटीला आधार देऊन (गळ्याला नव्हे), पाच-दहा मिनिटं. नाही आली तरी चालतं.

घरातला खरा ताण वेगळाच होता. सून चमचा लपवत होती, सासूबाई दुखावल्या होत्या. अशा वेळी "आईंना सांगा, हे बंद" एवढंच बोललं तर घरी भांडण होतं आणि चमचा चोरून चालू राहतो. म्हणून पुढच्या भेटीला त्यांनाही बोलावलं. "तुमच्या हाताला सवय आहे, शेक आणि मालिश तुम्हीच करा," असं सांगून सगळं त्यांच्या हातांनी करून घेतलं.

दूध पाजून अर्धा-पाऊण तास झाल्यावर तळहातात तेलाचे दोन थेंब चोळून ऊब आणायची. बाळाच्या उजवीकडून वर, बरगड्यांखालून आडवं, डावीकडून खाली, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सहा-आठ वेळा. मोठं आतडं याच वाटेने जातं. मग दोन्ही गुडघे हळूच पोटाशी, पाच आकडे मोजेपर्यंत, मग सोडायचे. बाळाने अंग ताठ केलं की थांबायचं. शेकाचं कापड आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. तव्यावर तापवलेली पुरचुंडी नको, तिचा मधला भाग फार गरम असतो. बाळ जागं असताना आणि कुणी जवळ असताना पालथं घालायला हरकत नाही. झोपवायचं मात्र नेहमी पाठीवर.

आईच्या ताटातून डाळी आणि कोबी बंद केले होते, ते परत सुरू केले. तिच्या आतड्यातला गॅस दुधात उतरत नाही.

चमचे बंद झाले, पकड सुधारली, तसा दोन आठवड्यांत शीचा फेस गेला आणि पिवळी शी दिसू लागली. रडणं लगेच थांबलं नाही. तीन तासांचं दीड तासावर आलं. आईला तेही जड जात होतं. अशा वेळी बाळाला पाठीवर सुरक्षित झोपवून, दार ओढून पाच-दहा मिनिटं बाजूला जायला पूर्ण मुभा आहे. रागाच्या भरात बाळाला हलवणं हाच इथला सर्वांत मोठा धोका असतो. बाळांच्या डॉक्टरांना विचारून लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरी या जिवाणूंचे थेंब देता येतात; अंगावर पिणाऱ्या बाळांत त्यांचा उपयोग दिसला आहे. गॅससाठी मिळणाऱ्या सिमेथिकोनच्या थेंबांनी चाचण्यांमध्ये खास फरक दिसलेला नाही.

दोघींना हेही लिहून दिलं की पुढचं काही दिसलं तर घरचे उपाय सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं: 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पोट फुगून कडक राहणं, दूध नाकारणं, लघवी कमी होणं, जांघेत गाठ, किंवा थांबून थांबून किंचाळून रडणं आणि मध्ये पांढरं पडून गळून जाणं. आणि एकाएकी न थांबणारं रडणं सुरू झालं तर आधी हातापायांची बोटं बघायची. केस किंवा दोरा गुंडाळला जाऊन बोट सुजलेलं असू शकतं.