आजोबांच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचं आहे, कोणतं घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपडा तालुक्यात शेती, घरी आजोबांची महिंद्रा सीजे-३बी, तिचं मूळ पेट्रोल इंजिन जाम. गाडी पुन्हा चालती करून पावसाळ्यात शेतरस्त्याने आणि अधूनमधून तोरणमाळला न्यायची आहे. एक फिटर पेजोचं इंजिन सांगतो, दुसरा बोलेरोचं, मित्र म्हणतो इनोव्हाचंच टाक. ऐकायचं कोणाचं?

भाऊ, माझं मत सरळ सांगतो. सुटं इंजिन घेऊच नका. भंगारात निघालेली महिंद्राचीच एक अख्खी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, जीप (हीच आपली 'डोनर' जीप) शोधा आणि तिचं इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), माउंटिंग, रेडिएटर असं सगळं एकत्र उचला. रावेरला आमच्या मळ्यातली जीप अशीच उभी केली आहे. इंजिन स्वस्तात मिळतं, पण खरा पैसा आणि वेळ त्याला बाकीची गाडी जोडण्यात जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला लेथवर ॲडॅप्टर प्लेट करून घ्या, मग फ्लायव्हील जुळत नाही म्हणून ते बदला, मग क्लच प्लेटचे दात बसेनात, मग स्टार्टर कुठे लावायचा, हे संपतच नाही. प्लेटचा मध्य जरा इकडेतिकडे झाला तरी गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग आवाज करायला लागतं.

पण पान्याला हात लावण्याआधी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. विनापरवाना केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं ते वेगळंच. तुमच्या आरसीवर इंधन 'पेट्रोल' आहे, त्यामुळे अडचण इथेच येणार. आधी कार्यालयात जाऊन लेखी विचारा. नकार मिळाला तर दोन चांगले मार्ग उरतात: आजोबांचं मूळ इंजिन बोअर-पिस्टन करून जिवंत करा, किंवा कंपनीतूनच डिझेल निघालेली, कागद चालू असलेली जुनी जीप घ्या. चोरून इंजिन बसवून रस्त्यावर आणायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

परवानगीची वाट मोकळी आहे असं धरून आता इंजिनांकडे येऊ.

माझी पहिली पसंती महिंद्राचं जुनं डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'डीआय' म्हणतात ते, २५२३ सीसी. आवाज मोठा, थरथर भरपूर, पळायची घाई अजिबात नाही. पण काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर, मागे केळीच्या घडांची ट्रॉली असताना, कमी आरपीएमला जो जोर लागतो तो हे इंजिन देतं. पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटर कुठेच नाही, हीटर प्लगशिवाय (थंड इंजिन चालू होण्याआधी आतून तापवणारा प्लग) सकाळी चालू होतं. यावलपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही बाजाराच्या गावात ते उघडून बसवणारा माणूस मिळतो. पंप आणि नोझल मात्र पंपवाल्याकडून मशीनवर तपासून, कॅलिब्रेट करूनच बसवा.

पेजो या फ्रेंच कंपनीचं, पण महिंद्राच्याच जीपमध्ये येणारं एक्सडी३पी, २४९८ सीसी, हे जास्त मऊ चालतं आणि वरच्या आरपीएमला मोकळं होतं. तुमचं बरंचसं चालणं धुळे-जळगाव हायवेवर असतं तर मी तेच सुचवलं असतं. ते इनडायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणून थंडीत हीटर प्लग नीट हवेत. आणि पाणी उकळलं तर हेडवर येतं, हे आपल्या उन्हाळ्यात विसरून चालणार नाही.

इनोव्हाचं २४९४ सीसीचं इंजिन कागदावर सगळ्यांत देखणं आहे: १०२ हॉर्सपॉवर, २०० न्यूटन मीटर. इंजिन म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण ते कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल किती आणि कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्याला स्वतःचा ईसीएम (तोच कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, सगळे सेन्सर आणि स्वच्छ डिझेल लागतं. शेतावर ड्रममध्ये ठेवलेलं, तळाला पाणी साचलेलं डिझेल मेकॅनिकल पंप एखाद्या वेळी सहन करतो, कॉमन रेलचे इंजेक्टर करत नाहीत. शिवाय दुसऱ्या कंपनीचं इंजिन म्हटल्यावर आरटीओचं काम आणखी अवघड. सातपायरी घाटात सेन्सरमुळे गाडी बंद पडली तर तिथे स्कॅनर घेऊन कोण येणार?

बोलेरोचं इंजिन याच डीआय घराण्यातलं मिळू शकतं, पण बहुतेक बोलेरो टू बाय फोर असतात. त्यांच्या गिअरबॉक्समागे ट्रान्स्फर केस नसते. इंजिन घेतलं तरी गिअरबॉक्स फोर बाय फोर जीपचाच लागणार.

इथे सीजे-३बीची एक अडचण आहे, ती कोणी सांगत नाही. या गाडीचं बॉनेट उंच आहे, त्यामुळे इंजिनाच्या उंचीला जागा मिळते, पण व्हीलबेस फक्त ८० इंच. लांब इंजिन किंवा पाच गिअरचा लांब गिअरबॉक्स टाकला की ट्रान्स्फर केस मागे सरकते, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन तीव्र होतो. मग शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) टिकत नाहीत. तुमच्या पुढच्या ॲक्सलचा गोळा (डिफरन्शियल) उजव्या बाजूला आहे, म्हणून ट्रान्स्फर केसमधून पुढचा शाफ्टही उजवीकडूनच निघायला हवा. माउंटिंग वेल्ड करण्याआधी इंजिन-गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर चेसीसमध्ये नुसतं ठेवून बघा. पुढचे पाटे पूर्ण दाबल्यावर ॲक्सल इंजिनाखालच्या ऑइल संपला (ऑइलच्या टाकीला) टेकतो का, स्टीअरिंग बॉक्सजवळ पंप किंवा सायलेन्सरचा पाइप येतो का, फॅन आणि रेडिएटरमध्ये बोटं जातील एवढी जागा राहते का, हे उघड्या डोळ्यांनी पाहा. डिझेल इंजिन जड असतं, पुढचे पाटे बसतील. एखादं पान वाढवावं लागेल.

रेडिएटरला पैसे वाचवू नका. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि लो गिअरमध्ये गाडी हळू चालताना समोरून वारा येत नाही. डोनर जीपचाच जाड कोअरचा रेडिएटर, आतून साफ करून, फॅनच्या श्राउडसकट (फॅनभोवतीचं कव्हर) लावा. श्राउड नसेल तर पत्र्याचं करून घ्या.

ब्रेककडेही बघा. तुमच्या जीपला चारही ड्रम आहेत. ब्रेक हलका करणारा सर्व्हो बसवायचा झाला तर डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर डोनरकडूनच घ्या. पेट्रोलची टाकी गंजली असेल तर बदला. डिझेलला परतीची लाइन आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच.

भंगारवाल्याकडे इंजिन बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा ब्लॉकवर तळहात ठेवा. कोमट लागला तर त्याने तुम्ही यायच्या आधी ते चालवून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा, मग ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून धूर फक-फक करत बाहेर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर पंप-नोझलकडे किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरकडे बघा. आणि इंजिन नंबर कोरून बदललेला नाही ना, त्या गाडीचे कागद आणि पक्कं बिल मिळतंय ना, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आरटीओत पहिला कागद तोच मागतील.

शेवटी क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलच्या गोळ्यातली दातांची जोडी, कारण गाडी पळणार किती हे त्यावर ठरतं. सीजे-३बीत मूळचं आठ-त्रेचाळीस असतं, पिनियनला आठ दात आणि क्राउनला त्रेचाळीस, म्हणजे ५.३८. पेट्रोल इंजिन ४००० पर्यंत फिरायचं, म्हणून चालून जायचं. डीआय ३२०० च्या आसपास थांबतं. ६.००-१६ च्या टायरवर, आरामात २५०० आरपीएमला ही जीप ६०-६५ नेच चालेल. आठ-एकोणचाळीस, म्हणजे ४.८८ घातलं तर ७० च्या जवळ, आणि अकरा-सत्तेचाळीस, म्हणजे ४.२७ घातलं तर ८० च्या जवळ. पण ४.२७ वर चिखलातला आणि चढावरचा जोर कमी होतो. तुमच्या वापराला मी ४.८८ घेईन, आणि पुढे-मागे दोन्हीकडे एकच. वेगळं ठेवलंत तर फोर बाय फोर टाकताच शाफ्ट एकमेकांशी भांडतील.

तुमच्या गाडीत सध्या कोणतं आहे ते घरीच कळेल. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते कोणाला तरी मोजायला सांगा. साडेपाचला थोडं कमी आलं तर आठ-त्रेचाळीस. तो आकडा आणि आरटीओचं उत्तर, दोन्ही इथे लिहा. त्यावरून कोणती डोनर जीप शोधायची ते सांगतो.