बीडीएसची पदवी आणि अमेरिकेतील परवाना

प्रश्न : मी पुण्यात बीडीएस केले असून इंटर्नशिपनंतर दोन वर्षे एका खासगी दवाखान्यात काम करीत आहे. येत्या डिसेंबरमध्ये माझे लग्न आहे. होणारे यजमान न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरीला आहेत. तिकडची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाले की प्रॅक्टिस सुरू करता येते, असे माझ्या एका सीनियरने सांगितले. हे खरे आहे का? निघण्यापूर्वी मी कोणती तयारी करावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या सीनियरने सांगितले ते अर्धेच खरे आहे, आणि याच अर्ध्या माहितीपायी अनेक मुलींची दोन-तीन वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. अमेरिकेत दंतवैद्यकाचा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो प्रत्येक राज्याचे डेंटल बोर्ड देते. न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांची पहिली अट अशी असते की, उमेदवाराची पदवी ‘कोडा’ या मान्यता देणाऱ्या आयोगाने मान्य केलेल्या दंत महाविद्यालयाची असली पाहिजे. आपली बीडीएस कितीही चांगल्या महाविद्यालयातून झालेली असली तरी ती या अटीत बसत नाही. राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे आयएनबीडीई, ही परवान्याच्या अनेक अटींपैकी एक आहे. ती उत्तीर्ण झाल्याने तुम्हाला तिथल्या विद्यापीठांत प्रवेशासाठी अर्ज करण्याची पात्रता मिळते, रुग्णाच्या तोंडाला हात लावण्याचा अधिकार मिळत नाही.

म्हणून बहुतेकांना तिकडे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांसाठी तिथल्या अनेक विद्यापीठांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ नावाचे अभ्यासक्रम आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतील युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक, लॉस एंजेलिसमधील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडो विद्यापीठ येथे ते साधारण दोन वर्षांचे आहेत, तर न्यूयॉर्क विद्यापीठात तीन वर्षांचा आहे. शेवटी मिळणारी पदवी डीडीएस किंवा डीएमडी या नावाची असते. ही दोन नावे केवळ विद्यापीठांच्या परंपरेने पडलेली आहेत, दर्जा एकच. त्यानंतर राज्याला मान्य असलेली प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. बहुसंख्य राज्ये त्यासाठी ‘एडेक्स’ स्वीकारतात. न्यूयॉर्क राज्याने मात्र प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी किमान एका वर्षाची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे देखरेखीखालील प्रशिक्षण, बंधनकारक केली आहे. त्यामुळे पुढे कोणत्या राज्यात राहायचे, हा प्रश्न तुम्हा दोघांना आधीच बोलून घ्यावा लागेल.

परीक्षेची भीती बाळगू नका. २०२० मध्ये सुरू झालेल्या आयएनबीडीईने जुन्या दोन भागांच्या परीक्षेची जागा घेतली. तिच्यात एकूण ५०० प्रश्न असून ते दोन दिवसांत सोडवायचे असतात, आणि निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. आपल्याकडच्या पाठांतराच्या सवयीने ती सुटत नाही, कारण रुग्णाची माहिती, औषधे आणि क्ष-किरण चित्रे समोर ठेवून निर्णय विचारलेला असतो. तरीही नियमित अभ्यास करणाऱ्याला ती आवाक्यातली आहे. एक नियम मात्र लक्षात असू द्या : पहिल्या प्रयत्नापासून पाच वर्षे किंवा पाच प्रयत्न, यांपैकी जे आधी संपेल तिथपर्यंत ती उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणून ‘एकदा बसून तर पाहू’ अशा विचाराने अर्ज करू नका.

खरी कसोटी प्रवेशाची आहे. अर्ज ‘कॅपिड’ या सामाईक पद्धतीने जातात. त्यांत परीक्षेचा निकाल, इंग्रजीची टोफेल परीक्षा, शिफारसपत्रे, तुमच्या पदवीचे अमेरिकी पद्धतीने केलेले मूल्यमापन आणि तुमच्याविषयीचे निवेदन असते. एका जागेसाठी जगभरातून अर्ज येत असल्याने सगळे कागद नीट असूनही पहिल्या वर्षी बोलावणे न येणे ही नित्याची गोष्ट आहे. मुलाखतीला बोलावणारी अनेक विद्यापीठे हाताचीही परीक्षा घेतात : फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) क्राउनसाठी, म्हणजे दातावरच्या टोपीसाठी, दात कापणे, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे मिश्रण) भरणे, मेणात दाताचा आकार घडवणे. त्यासाठी माझा तुम्हाला आग्रहाचा सल्ला आहे की, डिसेंबरपर्यंत दवाखाना सोडू नका. लग्नाच्या तयारीसाठी चार महिने आधीच काम थांबवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण एअरोटर (दात कोरण्याचे यंत्र) हातातून सुटला की बोटांची सवय किती लवकर जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण हे काम इथे असताना काही आठवड्यांत होते आणि तिकडून करायला गेल्यास त्याला वर्षही लागू शकते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून चारही वर्षांच्या ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) मिळवा आणि त्या मूल्यमापन संस्थेकडे विद्यापीठातून थेट पाठवण्याची प्रक्रिया समजून घ्या; उमेदवाराने स्वतः पाठवलेल्या प्रती सहसा चालत नाहीत. ‘एज्युकेशनल क्रेडेन्शियल इव्हॅल्युएटर्स’ या संस्थेचे मूल्यमापन बहुतेक ठिकाणी मागितले जाते. इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे गुड स्टँडिंग (नोंदणी निर्दोष असल्याचे) प्रमाणपत्रही हाताशी ठेवा. शिफारसपत्रे देणाऱ्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटून या. पाच वर्षांनी निवृत्त झालेल्या विभागप्रमुखांना दूरध्वनीवरून आपली ओळख पटवून देणे अवघड जाते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नावाचा. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे केवळ आडनाव बदलत नाही; वडिलांचे नाव जाऊन मधल्या जागी पतीचे नाव येते, आणि काही घरांत अजूनही पहिले नावसुद्धा बदलतात. पदवीवर एक नाव, पारपत्रावर दुसरे आणि परीक्षेच्या अर्जावर तिसरे, अशी स्थिती झाली की परीक्षा केंद्रावरून परत पाठवले जाण्याचा धोका असतो. माझी पदवी नागपूरची. मी लग्नानंतर नव्या नावाने अर्ज केला आणि पदवीच्या प्रती माहेरच्या नावाने गेल्या. त्या परत आल्या, आणि प्रतिज्ञापत्र व राजपत्रातील नोंद गोळा करण्यात माझी एका वर्षाची प्रवेशफेरी हुकली. शक्य असेल तर माहेरचेच नाव कायम ठेवा. बदलायचेच असेल, तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र इंग्रजीत घेऊन सगळीकडे एकाच वेळी बदला.

खर्चाचा विषय टाळून चालणार नाही. अनेक विद्यापीठांत या दोन-तीन वर्षांचे केवळ शुल्कच दोन लाख डॉलरच्या पुढे जाते. एच-१बीधारकाच्या पत्नीला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर शिक्षण घेता येते, परंतु कर्ज देणाऱ्या संस्था बहुधा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार मागतात. हा आकडा लग्नाआधी दोन्ही घरांना माहीत असावा, असे मला मनापासून वाटते. पुढे ‘आम्हाला कोणी सांगितले नव्हते’ असे म्हणण्याची वेळ आली की तिचा भार मुलीवरच पडतो.

प्रश्न : माझी सून ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेत) एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर दंतवैद्य, आहे व मुलासोबत टेक्सासला जात आहे. तिच्या एमडीएसमुळे पुन्हा शिकण्यापासून सूट मिळेल का? – एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : आपण सुनेसाठी ही चौकशी करीत आहात, याचा आनंद वाटला. एमडीएसमुळे आपोआप सूट मिळत नाही. ‘कोडा’मान्य विद्यापीठात याच विषयाची दोन ते तीन वर्षांची रेसिडेन्सी करणे हा तिच्यासाठी एक मार्ग आहे, मात्र तेवढ्यावर परवाना मिळेल की आधी डीडीएस लागेल, हे राज्याराज्यांत वेगळे आहे. म्हणून तिने टेक्सासच्या बोर्डाची नियमावली स्वतः वाचून मगच अर्ज करावा. कोचिंग वर्गाच्या जाहिरातीवर विसंबू नये. प्रवेश देताना एमडीएसचा अनुभव आणि शोधनिबंध जमेस धरले जातात, त्यामुळे तिची तीन वर्षे वाया गेलेली नाहीत.

प्रश्न : कॅनडात महाविद्यालयात न जाताही परवाना मिळतो असे ऐकते. अमेरिकेची परीक्षा तिथे चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : महाविद्यालयात न जाता मिळतो, हे खरे आहे. तिथल्या राष्ट्रीय दंत परीक्षा मंडळाची समकक्षतेची प्रक्रिया आहे. ती पायाभूत ज्ञानाच्या लेखी परीक्षेने सुरू होते आणि कौशल्याची परीक्षा ओटावा येथे कृत्रिम दातांवर होते. त्यानंतर मंडळाची प्रमाणन परीक्षा आणि मग प्रांताची नोंदणी. आयएनबीडीई तिथे उपयोगी पडत नाही, परंतु अमेरिकेत ‘कोडा’मान्य पदवी घेतलेल्यांना कॅनडात ही समकक्षता पुन्हा सिद्ध करावी लागत नाही. शुल्क पुष्कळ वाचते, पण परीक्षेला बसण्याच्या संधी मोजक्याच असतात. हात सफाईने चालत असेल तरच हा मार्ग निवडा.

प्रश्न : मी एडिसनमध्ये राहते. एच-४ वरील कामाची परवानगी मिळाल्यापासून एका दवाखान्यात डेंटल असिस्टंट म्हणून काम करते. भारतात माझ्या हाताखाली असिस्टंट होत्या. आता मी सक्शन (तोंडातली लाळ ओढून घेणारी नळी) धरते. हे काम सोडून केवळ अभ्यास करावा का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सोडू नका. तुमचे दुःख मला कळते, कारण पहिल्या दिवशी ट्रे मांडताना मीही मान खाली घालून रडले होते. परंतु विमा कंपनीची पूर्वमंजुरी कशी घेतात, संमतिपत्रात काय लिहितात, रुग्णाला उपचाराचे पर्याय कोणत्या शब्दांत सांगतात, हे सगळे त्या खुर्चीशेजारी उभे राहूनच मला समजले, आणि मुलाखतीत मला विचारले गेले ते नेमके हेच. त्या दवाखान्यातील डॉक्टरांचे शिफारसपत्र प्रवेश समितीला परक्या देशातल्या पत्रापेक्षा लवकर पटते. ही परवानगी २०१५ पासून, पतीच्या ग्रीन कार्डच्या अर्जाला ठराविक मंजुरी मिळालेल्या एच-४ धारकांनाच मिळते; तुमच्यासारख्या कित्येक जणींच्या हाती ती नाही. अभ्यासासाठी आठवड्याचे दोन दिवस मोकळे मागून घ्या, आणि दवाखाना बंद झाल्यावर टायपोडॉन्टवर (कृत्रिम दातांच्या जबड्यावर) सराव करण्याची परवानगी डॉक्टरांकडे मोकळेपणाने मागा. माझ्या डॉक्टरांनी मला किल्लीच दिली होती.