आयव्हीएफसाठी ठेवलेला पैसा अ‍ॅक्युपंक्चरला वापरावा का?

प्रश्न : वय ३४, पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरक-विकार) आहे. दोन महिन्यांनी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) सुरू करतोय. त्यासाठीच्या मुदत ठेवीतला जवळपास तिसरा हिस्सा मोडून अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराच्या, २४ सिटिंगचं पॅकेज घ्यावं का? सगळे पैसे आधी भरले तर मोठी सवलत आहे, पण महिनाअखेरपर्यंतच.

उत्तर : ठेव मोडू नका. सवलतीची तारीख त्यांची आहे, तुमच्या उपचारांची नाही.

तो तिसरा हिस्सा तुम्हाला शिल्लक वाटतोय, पण तो बहुधा शिल्लक नाही. पीसीओएसमध्ये अंडाशय आयव्हीएफच्या इंजेक्शनांना गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देण्याची शक्यता असते. तसं झालं तर त्याच महिन्यात गर्भाशयात गर्भ न सोडता डॉक्टर सगळे गोठवून ठेवायला सांगतात. मग गोठवण्याचा खर्च, साठवणुकीचं शुल्क, पुढच्या महिन्यातली औषधं, सोनोग्राफी आणि प्रत्यारोपण असं सगळं वाढतं. शिवाय पहिल्या प्रत्यारोपणात गर्भ राहिला नाही, तर पुन्हा प्रयत्न करायला हाताशी लागतो तो हाच पैसा. चौतिशीत पैशाअभावी वर्षभर थांबणं मला सगळ्यात महाग वाटतं.

आता पॅकेजमधून मिळतं काय? २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या सुया लावलेल्यांपैकी १८.३ टक्के स्त्रियांना मूल झालं, कातडीत न शिरणाऱ्या नकली सुया लावलेल्यांपैकी १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. पीसीओएसवरचा चीनमधला १००० स्त्रियांचा अभ्यास २०१७ चा. तिथे क्लोमिफेन या स्त्रीबीज सुटायला मदत करणाऱ्या गोळीसोबत खरं अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांत हे प्रमाण २९.४ टक्के होतं, आणि गोळीसोबत नुसत्या वरवर सुया टोचलेल्यांत २८. गोळीशिवाय मात्र दोन्हीकडे ते बरंच खाली होतं. काम गोळीने केलं. क्लिनिकवाले जुने, छोटे आणि उत्साहवर्धक अभ्यास दाखवतील. त्यांतल्या अनेकांत तुलनेला नकली सुया नव्हत्याच.

तरीही तुम्हाला हे का करून पाहावंसं वाटतंय, ते मला कळतं. या महिन्यांत झोप उडते, प्रत्येक रिपोर्टची धास्ती असते. अर्धा तास शांत पडून राहिल्याने बरं वाटत असेल, तर तो खर्च वायफळ नाही. फक्त तो महिन्याच्या घरखर्चातून करा, एकेका सिटिंगचे पैसे देऊन, आणि किती महिने करायचं ते आधीच ठरवून. मूल होण्याची शक्यता वाढेल म्हणून नको. कर्ज किंवा कार्डाचे हप्ते तर अजिबात नकोत.

सुया दर वेळी नव्या, एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तिथे तसं सांगा. पॅकेजसोबत चूर्ण किंवा काढे देत असतील, तर आयव्हीएफच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

या आठवड्यात आयव्हीएफ सेंटरकडून खर्चाचा लेखी अंदाज मागा. त्यात सगळे गर्भ गोठवावे लागले तर किती आणि दुसऱ्या प्रत्यारोपणाला किती, हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या. आरोग्य विम्यात यातलं काय बसतं तेही पॉलिसीत वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. हे आकडे ठेवीच्या रकमेशेजारी मांडून मला कळवा. त्यानंतरही काही उरत असेल, तर त्याचं काय करायचं ते बघू.