जुन्या मराठी कथासंग्रहाची पेपरबॅक पहिली आवृत्ती कशी ओळखायची?

शीर्षकपानाची मागची बाजू आधी पाहा. नुसतं ‘आवृत्ती पहिली’ पुरेसं नाही, कारण पुनर्मुद्रणातही पहिल्या आवृत्तीचं साल छापतात. शेवटची तारीख कोणती ते बघा. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९.

खरी साक्ष किमतीची. रुपये-आणे असतील तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ आधीचं, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. किमतीवर चिठ्ठी डकवलेली दिसली की उजेडात धरून खालचा आकडा वाचा. शंका उरलीच तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८४०) त्याच पुस्तकाची प्रत आहे का विचारा आणि पानसंख्या, प्रकाशक, मुद्रक ताडून पाहा.

मूळ मुखपृष्ठ नसेल तर घेऊ नका; पेपरबॅकमध्ये तेच सर्वात आधी जातं. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत स्वस्तातच घ्यावी, आणि तीही ‘रद्द’ असा शेरा असेल तरच. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. नाशिकच्या पावसाळ्यात पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ओल तिथूनच येते.