एमएमएची लढत कोण जिंकेल हे आधी ओळखता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांचे जिंकल्या-हरल्याचे आकडे, उंची, हाताची लांबी, वय असं सगळं पाहून तुम्ही एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या खेळाच्या) येत्या लढतींचा अंदाज बांधता, तरी निम्मे अंदाज चुकतात. मग पाहायचं तरी काय?

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आमच्याकडे रविवारची सकाळ असते. फवारणीला निघायच्या आधी मोबाईलवर लढती पाहायच्या आणि त्याआधी वहीत अंदाज (जिंकण्याची शक्यता शंभरपैकी किती) लिहायचा, हे बरीच वर्षं चालू आहे. चुकलेले अंदाज वहीत भरपूर आहेत आणि जे थोडंफार कळलं ते त्यांच्यामुळेच.

पण सुरुवात वहीपासून झाली नाही, आबाजींपासून झाली. आबाजी कुस्त्यांच्या आमदंगलीत जोड लावायचे, म्हणजे कोणी कोणाशी लढायचं ते ठरवायचे. तिथे वजनकाटा नसायचा. पोरं लंगोट कसून रांगेत उभी राहायची आणि आबाजी एकेकाच्या पाठीवर पंजा ठेवत पुढे सरकायचे. मला वाटायचं, अंग चाचपतात. एकदा त्यांनी भरल्या अंगाच्या एका पोराला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या आणि माझा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. फासळ्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. शेजारी तेवढ्याच चकरा मारून आलेला एक किडकिडीत पोरगा होता, त्याची पाठ संथ. आबाजी म्हणाले, "आंग नोको पाहू बाप्पा, दम पाय." मग त्यांनी त्या दोघांचीच जोड लावली. कुस्ती बराच वेळ चालली आणि शेवटी बरोबरीत सोडवावी लागली. आबाजी दिवसभर खुशीत होते, कारण कोणालाच सहज जिंकता येणार नाही अशी जोड लावणं हेच त्यांचं काम होतं.

एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या अमेरिकी कंपनीतही जोड लावणारी माणसं असतात. निकाल उघड दिसतो अशी लढत ती सहसा लावत नाहीत. म्हणजे तुमच्यासमोर येणारी प्रत्येक लढत आधीच कोणीतरी जाणत्याने तोलून पाहिलेली असते. हे पाण्यातल्या म्हशीचं मोल करण्यासारखं आहे, म्हणून निम्मे अंदाज चुकले याचं फार वाईट वाटून घेऊ नका. चुका कुठे झाल्या ते मात्र शोधा.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक एकच: आपण "जास्त चांगला कोण" हा प्रश्न विचारतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे, लढत कुठे होईल? दोघं लांब उभे राहून हातपाय चालवतील, रिंगणाभोवतीच्या जाळीला टेकून झोंबतील, की खाली जमिनीवर जातील? आणि ती जागा ठरवण्याची ताकद कोणाकडे आहे?

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला झालेली रोंडा राउझी आणि हॉली होमची लढत पाहा. राउझी बीजिंग ऑलिंपिकची ज्युदोतली कांस्यपदक विजेती. त्याच वर्षी तिने एक लढत १४ सेकंदांत आणि दुसरी ३४ सेकंदांत संपवली होती. आकडे पाहिले तर शंका घ्यायला जागाच नव्हती. पण तिचं सगळं बळ समोरचीला पकडण्यात होतं आणि होम ही बॉक्सिंगमधली जगज्जेती, मागे सरकत, बाजूला वळत अंतर राखणारी. राउझीला तिच्यामागे धावावं लागलं. दुसऱ्या फेरीत होमची लाथ मानेवर बसली आणि लढत संपली. पकड बसली नाही तर राउझी काय करेल, हे आधीच्या सेकंदांच्या लढतींत दिसायला वेळच मिळाला नव्हता. झटपट विजय पाहून भुलायचं नाही हे मी तिथून शिकलो.

आता उलट उदाहरण. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अबू धाबीला, समोरच्याला खाली नेऊन जिंकणाऱ्या खबीब नुरमागोमेदोवसमोर जस्टिन गेथजी होता. गेथजी कॉलेजात नावाजलेला कुस्तीगीर, त्यामुळे तो खबीबला खाली नेऊ देणार नाही असं पुष्कळांना वाटलं. पण गेथजी आपली कुस्ती खाली न पडण्यासाठीच वापरायचा. पाठीवर पडल्यावर काय करायचं, याची परीक्षा त्याने क्वचितच दिली होती. खबीबने त्याला खाली नेलं आणि दुसऱ्याच फेरीत पायांच्या फासात गळा आवळून लढत संपवली. 'कुस्तीगीर' हा शिक्का वाचून थांबू नका. तो कुस्ती कशासाठी वापरतो ते जुन्या लढतींत पाहा, आणि जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या लढती जास्त पाहा.

दुसरी गोष्ट दम. साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, किताबाची पाच फेऱ्यांची. तीन फेऱ्यांचा वाघ चौथ्या फेरीत पार ढेपाळलेला मी कितीदा पाहिला आहे. दम आधी ओळखायची एक संधी मिळते ती वजनाच्या वेळी. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं. तोपर्यंत खेळाडू गरम पाण्यात बसून, घाम गाळून अंगातलं पाणी काढतात आणि काट्यावरून उतरल्यावर ते परत भरतात. शुक्रवारी रात्री ते वजन नीट पाहा. ओठांवर पापुद्रे, गाल आत, पायरी चढताना कोणाच्या तरी खांद्याचा आधार. भर वैशाखात ज्याने बैलाची आत गेलेली कूस पाहिली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. असं दिसलं की मी त्या खेळाडूचा आकडा लगेच कमी करतो.

ऐनवेळी बदललेला प्रतिस्पर्धी हाही असाच घोळ. २०१६ च्या मार्चमध्ये कॉनर मॅकग्रेगरसमोर येणाऱ्या राफाएल दोस अंजोसचा पाय मोडला आणि नेट डियाझ ११ दिवसांच्या सूचनेवर उभा राहिला. तयारी नाही म्हणून तो हरेल असा सगळ्यांचा हिशोब. डियाझने दुसऱ्या फेरीत गळा आवळून लढत जिंकली. माणूस बदलला की जुना अंदाज खोडायचा आणि पहिल्यापासून विचार करायचा.

आपल्या माणसांबद्दलही बोलतो, कारण तिथे जीव जास्त गुंततो. उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत उतरला तेव्हा एकदाही हरलेला नव्हता, आणि समोरचा माइक ब्रीडन यूएफसीतल्या तिन्ही लढती हरलेला. मी वहीत अंशुलला शंभरपैकी नव्वद दिले. तिसऱ्या फेरीत ब्रीडनचा ठोसा बसला आणि अंशुल खाली गेला. ब्रीडन कोणासमोर हरला होता हे मी पाहिलंच नव्हतं. ते नव्वद अंदाजाचे नव्हते, प्रेमाचे होते. त्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवला आहे.

आणि काही गोष्टी कोणालाच ओळखता येत नाहीत. पूजा तोमर २०२४ च्या जूनमध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. एका पंचाने तिला तिन्ही फेऱ्या दिल्या, दुसऱ्याने तिन्ही प्रतिस्पर्ध्याला दिल्या आणि तिसऱ्याच्या एका गुणाने निकाल लागला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कमारू उस्मान सलग तीन फेऱ्या जिंकून पुढे होता, पाचवीची ५६ सेकंदं उरली होती आणि लिऑन एडवर्ड्सची डावी लाथ डोक्यावर बसली. उस्मानला शंभरपैकी सत्तर देणारा इथे चुकला नाही. शंभर देणारा चुकला.

म्हणून अंदाज नेहमी शंभरपैकी आकड्यात लिहा. ज्यांना तुम्ही सत्तर दिले त्यांतले साधारण दहापैकी सात जिंकायला हवेत. नऊ जिंकत असतील तर तुम्ही भित्रे आकडे देताय, पाच जिंकत असतील तर स्वतःवर फाजील विश्वास ठेवताय. हे दोन-चार लढतींत कळत नाही, पन्नासेक लिहिल्यावर चित्र दिसू लागतं. आकड्यासमोर कारण एका ओळीत लिहा. कधी निकाल बरोबर येतो आणि कारण साफ चुकीचं निघतं. तो अंदाज मी चुकलेल्यांतच धरतो.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही पैसे लावायच्या ॲपबद्दल विचारलंय. कृपा करून लावू नका. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा बाजूला ठेवला तरी भाव लावणारा आपला वाटा आधीच काढून ठेवतो, त्यामुळे दहापैकी सहा अंदाज बरोबर येणाऱ्याचाही खिसा रिकामा होऊ शकतो. आमच्या गावातल्या एका पोराने बापाच्या कापसाचा चुकारा असाच एका ॲपवर घालवला. वर्षभराची मेहनत होती ती. त्याच्या बापाचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून इतकं कळवळून सांगतोय.

येत्या लढतींसाठी एवढं करा: प्रत्येकाच्या शेवटच्या तीन लढती आणि निदान एक हार पूर्ण पाहा, लढत कुठे होईल ते एका ओळीत लिहा, समोर आकडा टाका. शुक्रवारी वजन पाहून हवा तर बदला. त्यानंतर खाली तारीख घाला आणि त्या आकड्याला पुन्हा हात लावू नका.